उलटा नळ

आईला बेंगळूरला न्यायचं होतं त्या सकाळी बेळगुंदीतल्या आमच्या गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या. शिवारातली रताळी काढून झाली होती, काजूला मोहर आला होता, आणि थंडी अजून पुरती गेली नव्हती. अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, आईला खुर्चीतून उचललं आणि गाडीच्या पुढच्या सीटवर अलगद ठेवलं. तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. तो त्यानं पदराखाली नीट सरकवला, सीटबेल्ट लावला, दार बंद केलं. मग तो गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. तिला दिसणार नाही असा.

आई रडली नाही. ती वहिनीला काय काय सांगत होती. परसातल्या नारळाला पाणी घालायचं, देवासमोरची वात दोन्ही वेळा लावायची, बी-बियाण्याचा डबा उंदरांपासून वर ठेवायचा. अंगावरून वारं गेल्यापासून तिचे शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून घसरायचे आणि कळायला वेळ लागायचा. वहिनी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "लेकीकडंच चाललीस की गं, काळजी कशाची?" आईनं डावा हात थोडा वर केला आणि खाली घेतला. लेकीकडं जायचं, हीच तिची काळजी होती.

मी गाव सोडलं ते असं नव्हे. मला बेंगळूरला नोकरी लागली तेव्हा आमचे वडील, आप्पा, हयात होते. खडेबाजारात जाऊन त्यांनी मला चाकांची बॅग घेऊन दिली होती, आणि बेळगावच्या स्टँडवर ती बॅग ते स्वतःच ओढत होते. मला निघायची घाई झाली होती. बस सुटली की आयुष्य सुरू होणार, असं वाटायचं वय. आई खिडकीखाली उभी राहून एकच सांगत होती, "पानी पीत ऱ्हा. तहान लागंस्तवर थांबू नगो." बेंगळूर कसं असतं, तिथं लेक काय करणार, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं तेवढ्यावरच ती बोलत होती.

आप्पा गेल्यावर आई अण्णाकडेच होती. शेतात जायची, तण भांगलायची, घरी येऊन भांडी घासायची. भात मळणीच्या दिवसांत एका सकाळी तिच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आली ती उजवी बाजू हरवूनच. पाय काठीच्या आधारानं थोडा ओढता यायचा, हात मात्र नाही. अण्णा बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला, वहिनी बालवाडीत. दिवसा घरात कुणी नाही. एकदा ती मोरीत पडली आणि वहिनी परत येईपर्यंत ओल्या फरशीवर तशीच पडून राहिली. त्यानंतर मीच अण्णाला म्हटलं की मी घरून काम करते, आमच्या इमारतीच्या खालीच हाता-पायांचे व्यायाम करून घेणारी बाई आहे, मी तिला नेते. मुलगा असताना आई लेकीच्या दारात राहिली, हे अण्णाला गावात ऐकावं लागणार होतं. पण दुसरा मार्ग दिसत नव्हता, आणि तो 'ने' म्हणाला.

तुमच्यापैकी ज्यांनी आपल्या आईला असं उचलून शहरात आणलं आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. फ्लॅट सहाव्या मजल्यावर. दारं बंद. आई बाल्कनीत खुर्चीवर बसायची आणि खाली येणारे-जाणारे पाण्याचे टँकर बघायची. त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या भागात बोअरवेल आटल्या होत्या. पाणी विकत आणतात हे तिला तिथंच कळलं.

मला कॉल असायचे. हेडफोन लावून मी आतल्या खोलीत, ती बाहेर. मी मध्येच उठून तिला पाणी द्यायचे, ती 'ठेव' म्हणायची. नंतर बघावं तर गिलास रिकामा असायचा, आणि मला बरं वाटायचं. ती ते पाणी बाल्कनीतल्या तुळशीला घालत होती, हे फार उशिरा लक्षात आलं.

एक दिवस ती तापानं फणफणली. दवाखान्यात नेलं. लघवीचा संसर्ग झाला आहे आणि अंगात पाणी अजिबात नाही, असं सांगितलं. डॉक्टरीण तरुण होती, हुबळीकडची. ती पलंगाच्या कडेला बसली आणि आजी पाणी का पीत नाहीस, असं आईला कन्नडातून विचारू लागली. आईचं कन्नड बाजारापुरतं. भाजी विकताना लागेल तेवढं. पण जे तिनं मला मराठीत कधी सांगितलं नव्हतं ते तिनं त्या परक्या मुलीला मोडक्या कन्नडात सांगितलं. 'मगळ मनी,' ती म्हणाली. लेकीचं घर. पाणी प्यायलं की उष्टा गिलास पडतो, तो लेकीला धुवावा लागतो. पाणी प्यायलं की संडासला जावं लागतं, लेकीला कामावरून उठावं लागतं. जावई माणूस घरात असतो. त्यापेक्षा न प्यायलेलं बरं.

डॉक्टरीण माझ्याकडं बघत होती. मी भिंतीकडं.

घरी आल्यावर मी तिला रागावले. अशी काय परकी झालीस, म्हटलं. ती हळू म्हणाली, "हात चालत हुता तवर कुनाच्या घरात बसून खाल्लं न्हाय गं मी. तुझ्याबी न्हाय. बाळंतपनाला आलते तवा बघितलीस न्हवं?"

खरं होतं ते. आता बाहेरगावी शिकायला असलेल्या माझ्या मुलाच्या वेळी, मी बाळंतीण असताना, ती बेंगळूरला आली होती आणि माझ्या कामवालीला तिनं भांड्यांना हात लावू दिला नव्हता. आमच्या बेळगुंदीच्या मोरीत बसून ती नारळाच्या शेंडीनं आणि राखेनं पितळेचे तांबे घासायची, ते उन्हात पालथे मांडले की परसदार उजळून जायचं. आलेल्या माणसाच्या हातात आधी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा, मग बाकीची चौकशी. त्या बाईला आता पाणी दिलं जात होतं, आणि तिचा गिलास दुसऱ्या कुणीतरी उचलून नेत होतं.

महेशनं, माझ्या नवऱ्यानं, हे सगळं ऐकून घेतलं होतं. काही दिवसांनी तो ऑफिसातल्या एका मित्राकडं गेला होता. त्यांच्याकडं तान्हं बाळ. मित्रानं बाळाला एका खांद्यावर धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं दुधाची बाटली सिंकच्या कडेला बसवलेल्या एका चकतीवर पालथी दाबली. खालून पाण्याच्या धारा उसळल्या आणि बाटली आतून धुऊन निघाली. महेश घरी आला तो तेच सांगत. ग्लास रिन्सर म्हणतात त्याला, म्हणाला. "एका हातानं होतं, वने," त्यानं मला सांगितलं. "एका हातानं."

मागवलं ते आठवड्यात आलं. तळहाताएवढी स्टीलची चकती, तिच्यावर चांदणीसारखी जाळी, मधोमध बारीक भोकांची दांडी. बसवायला मात्र सोपं नव्हतं. आमच्या सिंकला उजवीकडं आधीपासून एक भोक होतं, झाकण लावलेलं. पण आईचा चालता हात डावा. म्हणून डावीकडं ग्रॅनाइटला नवं भोक पाडायला माणूस बोलवावा लागला. त्याच्या मशीनखालून पांढरा चिखल ओट्यावरून वाहत होता आणि आई दारात काठीवर रेलून बघत होती. जावयाच्या घराचा दगड आपल्यामुळं फोडतात म्हणून ती कासावीस झाली होती. "नगो की रं आता," ती त्या मिस्त्रीलाच सांगत होती, आणि त्याला मराठी येत नव्हतं.

पाण्याची जोडणी महेशनं स्वतः केली. सिंकखाली आडवा होऊन त्यानं कॉक बंद केला, गार पाण्याच्या नळीला दुसरा फाटा काढला, बारीक पाइप वर नेऊन चकतीला खालून नट आवळला. मी टॉर्च धरला होता. पहिल्यांदा गळलं. वॉशर उलटा बसला होता. तो काढून परत बसवला, तेव्हा थांबलं.

आईला सिंकपाशी आणलं. पडू नये म्हणून ओट्याच्या कडेला एक दांडा लावून घेतला होता. तिनं दांड्याला कंबर टेकली, डाव्या हातात गिलास घेतला, पालथा केला आणि चकतीवर ठेवला. दाबायला ती भीत होती. मी तिच्या हातावर हात ठेवून दाबलं. आत पाणी फसफसलं आणि गिलासाच्या काठाखालून सिंकमध्ये निघून गेलं. तिनं गिलास उचलून बघितला. परत ठेवला. दुसऱ्या खेपेला तिरका दाबला आणि धार थेट तिच्या तोंडावर आली. आई हसली. वारं गेल्यापासून ती पहिल्यांदा हसताना मी बघत होते. अर्धा चेहरा हसत होता आणि अर्धा तसाच होता.

"उलटा नळ हाय ह्यो," ती म्हणाली.

मग घरात त्याचं तेच नाव पडलं.

फार काही करत नाही तो. साय चिकटलेला दुधाचा गिलास त्यानं निघत नाही, त्याला साबण आणि घासणी लागतेच. पंप चालू असला की जोर एवढा येतो की ओटा भिजतो. म्हणून महेशनं खालचा कॉक थोडा आवळून ठेवला. पण पाण्याचा, ताकाचा, कोऱ्या चहाचा गिलास आई स्वतः धुऊ लागली. त्या दिवसापासून ती पाणी पिऊ लागली. मी सांगायच्या आत प्यायची, उठायची, गिलास पदराच्या ओच्यात घालून काठी टेकत जायची, धुऊन पालथा घालायची. परतताना तिच्या चालीत काहीतरी वेगळं असायचं. काम करून आल्यासारखं.

हळूहळू सगळ्यांचेच गिलास तिच्याकडं गेले. महेशचा गिलास तिनं पहिल्यांदा धुतला तेव्हा तो ओशाळून उठला. पण त्याची स्वतःची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्मभर राबलेली. काम सुटल्यावर तिचं काय झालं, ते त्यानं बघितलं होतं. तो परत बसला. पुढं तो ऑफिसातून आला की पाणी पिऊन गिलास मुद्दाम ओट्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आई, एक ऱ्हायलाय बघा." आई डोक्यावरचा पदर सावरत उठायची. मीसुद्धा दिवसभरात चहाचे दोन जास्तीचे गिलास करू लागले. मला वाटलं, आता आई रुळली. बेंगळूरचं घर आता तिचंही झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णा आणि वहिनी तिला बघायला आले. येताना तिच्यासाठी गावचे पोहे आणि काजू आणले. आई त्यांना बघून अण्णाच्या दंडाला धरून बसली. मी चहा केला. अण्णानं चहा पिऊन गिलास खाली ठेवला, आणि आईनं तो उचलला. तो 'काय करालीस?' म्हणेपर्यंत ती काठीविना, ओट्याला कंबर टेकत सिंकपाशी पोचलीसुद्धा. पाण्याचा आवाज आला. मग तिनं वहिनीचा गिलास न्यायला हात पुढं केला.

अण्णा उठून बाल्कनीत गेला. मी मागोमाग गेले. खाली टँकर रिकामा होत होता. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझ्या घरात तिला काडी उचलू दिली न्हाय मी, वने. तू तिला भांड्याला उभी केलीस."

मी त्याला सगळं सांगितलं. तुळशीला घातलेलं पाणी, ताप, ती डॉक्टरीण. तो ऐकत होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर आईची वाकडी झालेली पाठ होती, आणि त्यापुढं माझं सांगणं पोचत नव्हतं. संध्याकाळी तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि त्यानं विचारलं, "आई, येतीस घरला?"

"व्हय," आई म्हणाली.

तिनं क्षणभरसुद्धा घेतला नाही. बाकीचे शब्द तिला जुळवावे लागायचे, हा एक शब्द आधीपासून तयार होता.

तिची लुगडी भरताना मी बोलत नव्हते. तिला ते कळलं. तिनं मला खाटेवर जवळ बसवलं आणि डाव्या हातानं माझी हनुवटी धरली. "तुझं कायबी कमी पडलं न्हाय गं," ती म्हणाली. "जावई तर ल्योकागत हाय. पन हितं मी पावनी हाय. गिलास धुतला तरी पावनीच. तिकडं नुसती पडून ऱ्हायले तरी माझ्या घरात पडून हाय."

ते बरोबरच होतं. मलाही या शहरात इतकी वर्षं राहून अनेकदा तसंच वाटलं आहे, फक्त कुणाला म्हटलं नाही.

ती गेल्यावर आमच्या सिंकपाशी गिलास साचू लागले. मीच धुवायचे.

बेळगुंदीत आता दिवसा तिच्यासोबत शेजारची म्हातारी बसायची. अण्णानं तशी सोय लावली होती. तरी थोड्याच दिवसांत वहिनीचा फोन आला. वहिनी फार बोलणारी नव्हे. "वन्सं," ती म्हणाली, "आत्ती पानी प्यायनात. मी भरून ठेवलेला तांब्या सांजंला तसाच असतोय." त्यावर मी काही बोलायच्या आत फोन अण्णानं घेतला. मग त्यानं विचारलं, "त्यो तुमचा उलटा नळ... आमच्या घरात बसंल काय?"

मी आमच्या ओट्यावरचा काढूनच घेऊन गेले.

बेळगुंदीच्या स्वयंपाकघरात सिंक नव्हतंच, खाली बसून भांडी घासायची मोरी होती. अण्णानं मी पोचायच्या आत गवंडी लावून कोपऱ्यात बुटका कट्टा बांधून घेतला होता, आईला खुर्चीवर बसून हात पोचेल एवढाच. त्यात लहान सिंक. स्लॅबवर टाकी चढवली होती. फाउंड्रीत राबणाऱ्या माणसाला नट-बोल्ट शिकवायची गरज नव्हती, तरी मी टॉर्च धरून शेजारी बसले. लहानपणी आम्ही असेच विहिरीच्या कठड्याशी बसायचो. काम करता करता तो खालमानेनं म्हणाला, "त्या दिवशी मी लई बोललो." मी म्हटलं, तू आईकडं बघून बोललास, माझ्याकडं नाही. एवढ्यावर ते संपलं.

कॉक सोडला तर धार जेमतेम बोटाच्या पेराएवढी वर आली. टाकी फार उंच नव्हती. आई खुर्चीवर बसून वाट बघत होती. तिनं गिलास दाबला, आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "पानी दमलंय रं."

अण्णा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो मोटरसायकल काढून बेळगावला गेला, दुपारी एक लहान पंप घेऊन आला, आणि दिवेलागणीच्या आत तो बसवलाही. आईनं घरातले सगळे गिलास आणायला लावले. स्वच्छ असलेलेसुद्धा.

तो पावसाळा तिनं तिथं काढला. वहिनी सांगायची, कोण आलं-गेलं की आत्ती आधी पाणी द्यायला लावतात, मग गिलास माघारी मागून घेतात. फोनवर आईचा आवाज मोकळा झाला होता. परत कधी येतेस, एवढं एकच ती मला विचारायची, आणि मी दिवाळीचं सांगायचे.

दिवाळीच्या आधीच ती गेली. सकाळी चहा प्याली, उन्हात बसली, आणि बसल्या जागीच मान कलली. अण्णानं फोनवर फक्त माझं नाव घेतलं. मी आणि महेश पोचेपर्यंत त्यांनी थांबवून ठेवलं होतं. तिचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा झाला होता.

बाराव्याला घर माणसांनी भरलं. निपाणीकडची माझी मावशी आली, आईच्या शेतावरच्या सोबतिणी आल्या. चहा कागदी कपातून फिरत होता. आता सगळीकडं तसंच असतं. कप परसात एका पोत्यात टाकत होते, आणि कोपऱ्यातल्या कट्ट्याकडं कुणाला जायचं कारण नव्हतं. मावशी तिथं जाऊन उभी राहिली, हे कशाला, म्हणून विचारू लागली. वहिनीनं तिला एक गिलास पालथा घालून दाखवला. मावशीनं पदर तोंडाला लावला आणि तिथंच खाली बसली.

महेश आधीच परतला होता. परत निघायच्या दिवशी अण्णा मला मोटरसायकलवरून बेळगावला सोडायला निघाला. हिंडलग्याला तो टपरीवर चहाला थांबला. रस्त्यावरून शाळेच्या बसेस जात होत्या. अण्णानं चहा संपवला. मग तो म्हणाला, "आजवर तू आईसाठी येत हुतीस. आता माझ्यासाठी ये, वने." माझ्याहून एवढा मोठा माणूस, आणि विचारताना त्याचा आवाज लहान झाला होता. मी मान हलवली.

बेंगळूरला उतरून मी इमारतीच्या फाटकातून आत आले, तेव्हा वॉचमननं नेहमीसारखं विचारलं, "ऊरिंद बंद्रा, म्याडम?" गावाहून आलात का? मी 'हौदु', हो, म्हणून लिफ्टकडं गेले, आणि वर जाईपर्यंत त्याचा तो 'ऊर' शब्द डोक्यात राहिला. मराठीत मी इतकी वर्षं रजा मागताना, बॅग भरताना, बसमध्ये बसताना 'घरी जाते' म्हणत आले. आता ते तोंडातून येत नाही. बेळगुंदीला जाऊन येते, म्हणते. 'घरी' म्हणायला तिथं आई लागत होती, हे ती असेपर्यंत कळायचं कारण नव्हतं. इथल्या फ्लॅटला घर म्हणते ते पत्त्यापुरतं. पण कन्नडातला 'ऊर' अजून माझ्याकडं आहे. जिथले आपण, ते आपलं ऊर. दारात कुणी असो, नसो.

परवा अण्णाचा फोन आला होता. भाताची लावणी काढली आहे, माणसं मिळत नाहीत, येशील का, म्हणाला. चिखलात उभं राहायची माझी सवय कधीच गेली आहे, त्याला ते माहीत आहे. मी रजेचा अर्ज टाकला. मॅनेजर तुमकूरचा आहे. कुठं जाणार, म्हणून त्यानं कन्नडातून विचारलं.

"ऊरिगे," मी म्हटलं.